गळ्यातली गाठ आणि गटाचं कर्ज

भाकरी अजून थापायच्या असतील तर रेडिओ चुलीपाशी घ्या, हाताला काम आणि कानाला आम्ही. आजचा विषय आजारपणाचा आहे, पण त्याची सुरुवात दवाखान्यात झाली नाही. ती आमच्या गटाच्या सभेत झाली.

चैत्रातली मासिक सभा होती. बारा जणी, एक सतरंजी, मध्ये पेटी. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले आणि कर्जमागणीची वेळ आली. आमच्यातली एक ताई उठली. चाळिशी ओलांडलेली, सभेत कधी फारसं न बोलणारी. म्हणाली, "मला ७०,००० पाहिजेत."

सगळ्या गप्प. आमचा हिशोब तुम्हालाही कळेल. बारा जणींचे महिन्याला प्रत्येकी २०० रुपये, सहा वर्षं झाली. सगळी बचत मिळून १,७२,८०० रुपये, आणि त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम तेव्हा शेळ्यांत आणि बियाण्यात अडकलेली. ७०,००० दिले असते तर पेटीत फक्त कुलूप राहिलं असतं. "कशाला गं एवढे?" असं अध्यक्षांनी विचारलं, तसं तिने पदराआडून एक पाकीट काढलं. आत इंग्रजीत लिहिलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. "गळ्यात गाठ निघालीय. ऑपरेशन लवकर करून घ्या म्हणालेत," म्हणाली. पुढे तिला बोलता आलं नाही.

तिचं नाव आम्ही सांगणार नाही. बाकी सगळं सांगा, असं तिनंच सांगितलं आहे.

झालं असं होतं की तालुक्याला तपासणीचं शिबिर होतं. ही गेली होती गुडघ्यासाठी. गुडघा दाखवायला गेली आणि गळा घेऊन आली. तिथे कुणी म्हणालं, थायरॉइडचंही बघून घ्या, सवलतीत आहे. गळ्यावर यंत्र फिरवलं आणि गाठ दिसली. तिला ना गिळायचा त्रास, ना आवाजात फरक, ना बाहेरून काही दिसत होतं. तिथून तिला एका खासगी दवाखान्यात पाठवलं आणि तिथे ऑपरेशनचा आकडा मिळाला. घरी सासूबाईंनी सोनोग्राफीची पावती पाहिली आणि विचारलं, "या वयात गं?" आपल्याकडे सोनोग्राफी म्हणजे दिवस गेले, एवढंच माहीत! त्या दिवसापासून ही रिपोर्ट पदराआड घेऊन फिरत होती. रात्री झोप नाही. पोरीचं बारावीचं वर्ष, आणि हिच्या डोक्यात एकच शब्द. तो कोणता, ते तुम्हाला सांगायला नको.

खरं सांगायचं तर आम्ही त्या दिवशी कर्ज देणारच होतो. माणूस मोठं की पैसा मोठा, असं दोघी-तिघी म्हणाल्याही. ठराव लिहायला वही उघडली होती. तेवढ्यात कोपऱ्यातून आमच्या एक मावशी बोलल्या. त्यांचा आवाज बसका आहे, त्यामुळे सभेत त्या सहसा हात वर करून खुणेनंच बोलतात. त्या म्हणाल्या, "सही करायच्या आधी एवढं विचारा, सुई घातली का?"

या मावशींचं जरा सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी त्यांच्याही गळ्यात गाठ निघाली होती. त्यांनाही गटानंच कर्ज दिलं, आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. ऑपरेशन झालं, थायरॉइडची पूर्ण ग्रंथी काढली. काढलेल्या ग्रंथीचा रिपोर्ट आला, त्यात कॅन्सर नव्हता. आम्ही पेढे वाटले. पण तेव्हापासून मावशींना रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यावी लागते, जन्मभर. आणि आवाज गेला तो पूर्ण परत आला नाही. हळदीला, जात्यावर ओव्या म्हणायला पंचक्रोशीत त्यांना बोलावणं असायचं. आता दोन ओळींत आवाज फाटतो. त्यांना त्या ऑपरेशनची गरज होती की नव्हती, हे आज आम्हाला सांगता येत नाही. कदाचित असेलही. पण आम्ही बारा जणींनी पैसे मोजले, सह्या केल्या, आणि एकीनंही विचारलं नाही की ऑपरेशनच्या आधी गाठीतून सुई घालून तपासणी केली का. मावशींनाही ते नंतर, दुसऱ्या एका डॉक्टरांकडून कळलं. ही बोच आमच्या मनात आहे, म्हणूनच आज बोलतो आहोत.

तर त्या दिवशी ठराव थांबवला. आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घशाच्या विभागात दाखवा. प्रवासाला आणि तपासणीला म्हणून १,५०० रुपये मंजूर केले आणि आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर गेलो. सकाळची पहिली एसटी, दुपारपर्यंत रांग. पण तिथल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला, तिचा गळा हातानं तपासला, आणि मग केसपेपरच्या मागे चित्र काढून आम्हाला समजावलं. आम्ही डॉक्टर नाही. तिथे जे ऐकलं, पुन्हा पुन्हा विचारून जे पक्कं केलं आणि नंतर वाचून काढलं, तेवढंच सांगतो.

थायरॉइड म्हणजे आजार नव्हे. "मला थायरॉइड आहे" असं आपण सर्रास म्हणतो, पण तो सगळ्यांनाच असतो. गळ्याच्या घाटीखाली, ठुशी बसते त्या जागेच्या आत, श्वासनळीला पुढून बिलगलेली फुलपाखरासारखी ग्रंथी असते, ती थायरॉइड. ती जो रस बनवते त्यावर शरीराची गती चालते. रस कमी-जास्त झाला की वजन, पाळी, थकवा, छातीची धडधड असं काही काही होतं. तो एक प्रश्न. त्या ग्रंथीत गाठ होणं हा दुसरा प्रश्न. रस अगदी बरोबर असूनही गाठ असू शकते, आणि गाठ नसूनही रस बिघडू शकतो. या दोन गोष्टींची आपण खिचडी करतो.

आता गाठ. मॅडमनी पहिलंच वाक्य असं सांगितलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पन्नाशीच्या पुढच्या बायकांचे गळे सोनोग्राफीने पाहिले तर निम्म्याच्या आसपास जणींत काही ना काही गाठ दिसते! पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि वय वाढेल तशी जास्त. अशा १०० गाठींतल्या ९० हून जास्त साध्या असतात, म्हणजे कॅन्सरच्या नसतात. पूर्वी गाठ कळायची कधी, तर ठुशी घट्ट व्हायला लागली की. आता यंत्राला मुगाच्या दाण्याएवढीही दिसते. गाठी नव्या नाहीत, आपली नजर नवी आहे.

पण ९० साध्या म्हणजे उरलेल्यांत काही कॅन्सरच्या असतात, हेही खरं. मग ओळखायचं कसं?

सगळ्यात आधी रक्ताची एक तपासणी, टीएसएच. तो आकडा कमी आला तर गाठ स्वतःच जास्त रस बनवत असेल अशी शंका येते. मग वेगळ्या प्रकारचं स्कॅन करतात. अशी जास्त काम करणारी गाठ क्वचितच कॅन्सरची असते, म्हणून तिला बहुतेक वेळा सुईही लागत नाही. टीएसएच बरोबर किंवा जास्त असेल तर मात्र गाठ दिसते कशी, यावर पुढचं ठरतं. आणि हे लक्षात ठेवा, टीएसएच बरोबर आला म्हणजे गाठ साधीच, असं नसतं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून गाठीचा कागद कपाटात टाकू नका.

गाठ दिसते कशी, ते सोनोग्राफीत कळतं. पाण्यानं भरलेली किंवा बारीक जाळीची, स्पंजसारखी गाठ बहुधा निरुपद्रवी. पूर्ण भरीव, आजूबाजूच्या भागापेक्षा काळसर दिसणारी, कडा वेड्यावाकड्या असणारी, आत खडूच्या पुडीसारखे बारीक पांढरे ठिपके असणारी, किंवा रुंदीपेक्षा खोलीकडे जास्त वाढलेली गाठ असेल तर डॉक्टर सावध होतात. या सगळ्याला गुण देतात. आपल्या पोरांना जास्त गुण मिळाले की आनंद, इथं उलटं. गुणांवरून रिपोर्टात खाली एक आकडा लिहितात, टायरॅड्स १ ते ५. तुमच्या रिपोर्टात हा आकडा शोधा. नसेल तर विचारा.

टायरॅड्स १ आणि २ असेल तर सुईची गरज नाही. ३ असेल तर गाठ अडीच सेंटिमीटर, म्हणजे एक इंच झाली की सुई, आणि दीड सेंटिमीटरपासून पुढे नुसतं लक्ष. ४ असेल तर दीड सेंटिमीटरपासून सुई, एकपासून लक्ष. ५ असेल तर एक सेंटिमीटरपासूनच सुई, आणि अर्ध्यापासून लक्ष. ही मापं अमेरिकेतल्या सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ठरवली आणि आपल्याकडेही बरीच वापरतात. डॉक्टर माणूस पाहून यात थोडं कमी-जास्त करू शकतात, ते त्यांचं काम आहे. पण नुसत्या मापावर घाबरू नका. मोठी गाठ साधी असू शकते आणि छोटी गाठ वाईट असू शकते. आकार आणि रूप दोन्ही मिळून ठरतं. गाठी दोन-तीन असतील तर प्रत्येकीचं वेगळं पाहतात.

आमच्या ताईच्या रिपोर्टात काय होतं? उजव्या बाजूला १.८ सेंटिमीटरची गाठ, कडा गुळगुळीत, ठिपके नाहीत, टायरॅड्स ३. टीएसएच बरोबर. गळ्यातल्या बाकीच्या ग्रंथी ठीक. मॅडम म्हणाल्या, "हिला आज सुईसुद्धा नको. वर्षानं सोनोग्राफी करा आणि हा रिपोर्ट जपून आणा." ताईनं तीन वेळा विचारलं, "मग ऑपरेशन?" मॅडमनी तिन्ही वेळा न चिडता "नको" म्हटलं.

ताई तिथेच बाकावर बसून रडली. आम्ही दोघींनी तिला उसाचा रस पाजला आणि एसटीत बसवलं.

आता सुईबद्दल, कारण तिच्याबद्दल बायकांत फार भीती आहे. तिला एफएनएसी म्हणतात. रक्त काढायला वापरतात त्याहून बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेतात, काचेवर पसरतात आणि दुर्बिणीखाली पाहतात. सोनोग्राफीत बघत बघत सुई घातली तर नेमक्या जागी जाते. पाच-दहा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. "सुई लागली की कॅन्सर पसरतो" असं आपल्याकडे बोलतात. या बारीक सुईनं तसं होणं अगदी दुर्मीळ आहे, त्या भीतीनं तपासणी टाळू नये.

सुईचा रिपोर्ट सहा वर्गांत येतो, त्याला बेथेस्डा म्हणतात. वर्ग २ म्हणजे साधी गाठ, वर्ग ६ म्हणजे कॅन्सर, वर्ग ५ म्हणजे कॅन्सरची दाट शंका. गडबड होते ती वर्ग १ ला. १ म्हणजे सगळ्यात चांगलं असं वाटतं, पण तसं नाही! पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, असा त्याचा अर्थ. तो चांगलाही नाही आणि वाईटही नाही, तो रिपोर्टच नाही, आणि बहुतेक वेळा सुई पुन्हा घालावी लागते. ३ आणि ४ म्हणजे सुईवरून नक्की सांगता येत नाही. तिथे पुन्हा सुई, किंवा ग्रंथीचा तेवढाच अर्धा भाग काढून तपासणं, असे मार्ग असतात. "पूर्ण काढायची की अर्धी?" हा प्रश्न तिथे जरूर विचारा, कारण अर्धी ठेवली तर कितीतरी जणींना रोजची गोळी लागत नाही.

ऑपरेशन वाईट, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. शेजारच्या गावातल्या एका आजींच्या गळ्यातली गाठ दोन महिन्यांत डोळ्यांदेखत वाढली. आवाज बसला, गिळताना घास अडकायला लागला. घरच्यांनी कसला कसला पाला बांधला, उतारा टाकला. शेवटी नातीनं ओढून नेलं. सुईत कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आज आजी ओट्यावर बसून वाती वळतात. तेव्हा गाठ भराभर वाढते आहे, आवाज घोगरा झाला आणि बरा होत नाही, गिळायला किंवा श्वासाला अडचण आहे, गाठ दगडासारखी टणक लागते, गळ्याच्या बाजूला आणखी गाठी लागतात, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालेला आहे, किंवा लहानपणी गळ्याला किरणांचा उपचार झालेला आहे, यातलं काहीही असेल तर शिबिराची, सणाची, सुगीची वाट पाहू नका. गड्यांच्या गळ्यातली गाठही हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्यात गाठी कमी होतात, पण झालेली गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता बायकांपेक्षा जास्त असते.

मग प्रश्न येतो, काहीच त्रास नसताना सगळ्यांनीच गळा तपासून घेतला तर बरं नाही का? लवकर कळलेलं चांगलं, हेच आपण शिकलो आहोत. आम्हीही हेच विचारलं. त्यावर दक्षिण कोरियाची गोष्ट कळली. तिथे १९९९ पासून सरकारनं काही कॅन्सरच्या तपासण्यांचा कार्यक्रम सुरू केला. थायरॉइड त्यात नव्हता, पण दवाखाने थोड्या जास्त पैशांत गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागले. आपल्या शिबिरासारखंच! २०११ पर्यंत तिथे थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. आणि त्या कॅन्सरनं मरणाऱ्यांचं प्रमाण? ते होतं तेवढंच राहिलं. म्हणजे इतके कॅन्सर शोधले, इतके गळे उघडले, पण त्यानं मरण काही कमी झालं नाही. कितीतरी गाठी अशा होत्या की शोधल्या नसत्या तर त्या बाईला जन्मात कळल्या नसत्या. आणि किंमत बघा. ऑपरेशन झालेल्या हजारो लोकांचा हिशोब काढला तेव्हा १०० मध्ये ११ जणांच्या शेजारच्या छोट्या ग्रंथींना इजा होऊन कॅल्शियमचा त्रास सुरू झाला होता, आणि २ जणांची स्वरयंत्राची हालचाल गेली होती. २०१४ मध्ये तिथल्या काही डॉक्टरांनीच पुढे येऊन हे थांबवा म्हटलं, आणि त्यानंतर ऑपरेशनं कमी झाली.

जपानमध्ये कोबे शहरात कुमा नावाचं रुग्णालय आहे. तिथे १९९३ पासून एक सेंटिमीटरच्या आतले, इकडेतिकडे न पसरलेले थायरॉइडचे छोटे कॅन्सर लगेच न कापता नियमित तपासणीत ठेवायची पद्धत सुरू केली. बहुतेकींची गाठ वर्षानुवर्षं वाढली नाही. ज्यांची वाढली त्यांचं ऑपरेशन नंतर केलं, तरी उशीर झाला असं झालं नाही. कॅन्सर हा शब्द ऐकूनही थांबता येतं, हे आम्हाला पटायला वेळ लागला. अर्थात हे थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. तारखेला जायचं, न चुकता.

ही गोष्ट सभेत सांगितली तेव्हा बसक्या आवाजाच्या मावशी नुसत्या मान हलवत होत्या. काही म्हणाल्या नाहीत. आम्हीही काही म्हटलं नाही.

त्या सभेपासून आमच्या गटानं एक नियम केला आहे. आजारपणाचं कर्ज आम्ही आजही सगळ्यात आधी देतो, आणि अपघात, बाळंतपण, साप चावला अशा वेळी कागद कुणी मागत नाही. पण थांबता येण्यासारखं ऑपरेशन असेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. त्याच्या प्रवासाचे पैसे गट देतो. आमच्यातली एक जण बरोबर जाते आणि वहीत लिहिलेले प्रश्न विचारते. टायरॅड्सचा आकडा किती? टीएसएच किती? सुई झाली का, तिचा वर्ग कोणता? अर्धी काढायची की पूर्ण? वर्षभर थांबलं तर काय होईल? आणि आरोग्यमित्राला विचारायचं, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का. सुरुवातीला डॉक्टरांना राग येईल अशी भीती वाटायची. एक-दोघांना आलाही. पण बहुतेकांनी उत्तरं दिली.

आमच्या ताईनं ते १,५०० रुपये दोन हप्त्यांत फेडले. पुढची सोनोग्राफी येत्या चैत्रात आहे. तेव्हा गाठ दोन दिशांनी निदान पाचव्या हिश्श्यानं, आणि दोन मिलिमीटर तरी वाढलेली दिसली तरच तिला वाढ म्हणतात, म्हणून जुना रिपोर्ट लागतोच. त्याची झेरॉक्स गटाच्या पेटीत पासबुकाखाली ठेवली आहे. मूळ रिपोर्ट आता पदराआड नसतो, देवळीत असतो. सासूबाईंनाही दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझाही गळा एकदा बघून घ्यायचा का?" ताईनं विचारलं, "काही त्रास होतो का, आत्या?" नाही म्हणाल्या. "मग राहू द्या," म्हणाली, आणि भाकरी टाकायला उठली.

पुढच्या बुधवारी याच वेळी भेटू. तोवर नमस्कार.